मटारदाण्याएवढे

११ मार्च, बुधवार
सकाळ

प्रिय ताईस,

नमस्कार. मी इकडे बरा आहे आणि तुम्ही तिघे तिकडे बरे असाल असे धरून चालतो. तुझी चिठ्ठी सोमवारी मालकांच्या हातून मिळाली. पाकीट बंदच होते, त्यांनी वाचलेली नाही, काळजी करू नकोस. तू चार वेळा फोन केलास तेही मी पाहिले. उचलला नाही, कारण फोनवर तू बोलतेस आणि मी हो म्हणतो. कागदावर मला जरा धीर येतो. अक्षरे तूच शिकवलीस, त्यामुळे त्याचे श्रेय तुझेच.

खोली चांगली आहे. पाट्यांच्या दुकानाच्या अगदी वर, एक खिडकी, एक कॉट, कपडे टांगायला चार खिळे. खाली कोरायचे मशीन सुरू झाले की कॉटचे पाय किंचित थरथरतात. पहिल्या दिवशी मला वाटले, मीच थरथरतो आहे. मालकांनी मला काहीही विचारले नाही. फक्त म्हणाले, "सध्या पितळ राहू दे, लाकडाच्या पाट्या घे." पितळ घासून झाले की त्यात तोंड दिसते ना, म्हणून. इतका समजूतदार माणूस आणि एवढा चिडका, दोन्ही एकाच सदऱ्यात कसे मावतात कोण जाणे.

तू लिहिले आहेस की शनिवारच्या आत वही पाठव. दाजींच्या डॉक्टरांना कुणकुण लागली आहे, वही त्यांच्या हाती पडली तर दाजींची कंपाउंडरची नोकरी जाईल आणि मग तुम्ही तिघांनी कुठे जायचे. मी ते तीनदा वाचले. वहीचे शेवटी लिहितो. आधी तू खाली घाईघाईने जे विचारले आहेस त्याचे उत्तर देतो: "चेहरा कसा आहे?"

गाल लाल आहेत. उन्हात पाच मिनिटे उभा राहिलो की कुणी मिरची चोळल्यासारखे होते. नाकाच्या दोन्ही बाजूंना बारीक तांबड्या रेघा उमटल्या आहेत, नकाशातल्या नद्यांसारख्या. कानशिलापाशी लव वाढली आहे. जुन्या पुटकुळ्या परत आल्या, आणि एकट्या आल्या नाहीत, पाहुणे घेऊन आल्या.

पण आता मी त्वचेच्या एका डॉक्टरीणबाईंकडे जातो. त्यांचा पत्ता मला कुठे मिळाला ते पुढे लिहीन.

पहिल्या दिवशी मी पांढरी डबी बरोबर नेली होती. बाईंनी झाकण उघडले, वास घेतला, झाकण लावले.

"कोणी दिलं हे?"

"दवाखान्यातलं आहे."

"कुठल्या दवाखान्यातलं? यावर नाव कुठंय?"

"आहे ना, हे काय." मी लेबल दाखवले.

"हे तुझं नाव झालं रे. औषधाचं नाव?"

ताई, मी पाट्या कोरतो. बिननावाची पाटी आमच्या दुकानातून कधी बाहेर गेलेली नाही. आणि मी एकेचाळीस जणांच्या डब्यांवर माझ्या चांगल्यात चांगल्या अक्षरात लिहिले, माणसाचे नाव लिहिले, कधी लावायचे ते लिहिले, आणि औषधाचे नाव काय हे कुणालाही विचारले नाही. स्वतःलासुद्धा नाही.

बाईंनी विचारले, "लावल्यावर किती दिवसांत चेहरा साफ झाला?" मी म्हणालो, "सहा." मला वाटले त्या शाबासकी देतील. त्या म्हणाल्या, "सहा दिवसांत पिंपल जात नाहीत, सहा दिवसांत ते झाकले जातात. यात स्टेरॉइड असणार, आणि तेही जोरदार. हे चेहऱ्यावर महिनोन् महिने लावायचं नसतं. तू किती महिने लावलंस?" मी म्हणालो, सहा. तेव्हा त्या लिहीत राहिल्या.

डबी त्यांनी तपासणीला पाठवली आहे. मला खरे औषध, म्हणजे रात्री लावायचे जेल, इतक्यात द्यायचे नाही म्हणाल्या. आधी कातडी शांत होऊ दे. सध्या सौम्य साबण, साधे क्रीम आणि उन्हाचे क्रीम, आणि ते जुने हळूहळू कसे सुटेल त्यासाठी आठवड्याआठवड्याने येऊन दाखवायचे. एकदम सोडले की भडकते, ते मी अनुभवले आहेच. जेल पुढे सुरू करतील तेव्हा एक रात्र आड लावायचे, तोंड धुतल्यावर पूर्ण कोरडे होऊ द्यायचे, डोळ्यांपासून, नाकाच्या आणि ओठांच्या कोपऱ्यांपासून लांब. त्यांनी बोटाच्या टोकावर क्रीमचा एवढासा ठिपका काढून दाखवला आणि म्हणाल्या, "मटारदाण्याएवढं. पूर्ण चेहऱ्याला मिळून एवढंच. जास्त लावलं की लवकर बरं होत नाही, लवकर सोलतं." आणि फरक दिसायला आठ ते बारा आठवडे. सुरुवातीला वाढल्यासारखेही वाटेल, तेव्हा घाबरायचे नाही.

मी चौदा प्रश्न लिहून नेले होते. अकराव्याला त्या म्हणाल्या, "परीक्षा तुझी आहे की माझी?" पण उत्तरे सगळी दिली.

मग म्हणाल्या, "काय लावलंस, कधी लावलंस, कोणी दिलं, सगळं क्रमाने लिहून आण. काही गाळू नकोस." म्हणून मी क्रमाने लिहिले. तेच इथेही लिहितो. तुला त्यातले बरेचसे माहीत आहे. तरीही वाच.

ऑगस्टात एक गिऱ्हाईक मला म्हणाले होते, "नाव गुळगुळीत कोर बाबा, तुझ्या तोंडासारखं नको." मी घरी येऊन जेवताना ते हसत हसत सांगितले. तुझी चिऊ हसली, दाजी हसले. तू हसली नाहीस. आई गेल्यापासून कुणीतरी माझ्यासाठी न हसणारे आहे, याचे मला त्या दिवशी फार बरे वाटले होते.

दुसऱ्या दिवशी दाजींनी मला त्यांच्या डॉक्टरांकडे नेले. म्हाताऱ्या डॉक्टरांनी दोन मिनिटे पाहिले आणि चिठ्ठी लिहिली. ती चिठ्ठी मी वाचायच्या आत दाजींच्या खिशात गेली. "मेडिकलात कशाला जायचं? हेच औषध आपल्याकडे मोठ्या डब्यात येतं," असे म्हणून त्यांनी रात्री पांढरी डबी आणून दिली. तू मला खिडकीपाशी बसवलेस. "थांब टिंबू, आधी एक फोटो काढू. मग बघ कसा राजबिंडा दिसतोस ते." फोटो काढलास आणि मग तुझ्या हाताने लावलेस. दाजी शेजारून सांगत होते, "बोटभर घे. चोळ चांगलं." लावून झाल्यावर तू साबणाने दोन वेळा हात धुतलेस. मला वाटले, माझे तोंड तेलकट म्हणून.

सहाव्या दिवशी माझ्या चेहऱ्यावर एकही डाग नव्हता. मी दुकानात पितळेची मोठी पाटी घासली आणि बराच वेळ तिच्यासमोर बसलो. मालक म्हणाले, "पाटी गिऱ्हाइकाची आहे, तिचा आरसा करू नकोस." पण तेही हसत होते.

सप्टेंबरात चिऊने डबीत बोट घातले. तू तिच्या हातावर फटका मारलास आणि तिला ओढत नळाखाली नेलेस. "मामाचं औषध आहे ते!" असे तू ओरडलीस. माझ्या वस्तूची घरात इतकी काळजी घेतली जाते हे पाहून मला भरून आले होते. हेही मी लिहून दिले आहे, पण बाईंना त्यात काही वाटले नाही. तुला वाटेल.

त्याच महिन्यात दाजी म्हणाले, "तुझं अक्षर मोत्यासारखं, डब्यांवर लिहून दे." संध्याकाळी आपल्या बाहेरच्या खोलीत माणसे येऊ लागली. आमच्या दुकानाचा नियम तुला माहीत आहे. गिऱ्हाइकाने स्वतःचे नाव वहीत स्वतःच्या हाताने लिहायचे, मग आम्ही कोरायचे. एकदा पितळात चूक गेली की ती खोडता येत नाही. मी तीच सवय घरी आणली. प्रत्येकापुढे वही सरकवायचो: "नाव लिहा, पत्ता लिहा." दाजी हसायचे, "हा काय जनगणना करतोय का?" पण माणसांना ते आवडायचे. वही असली की सगळे सरकारी, पक्के वाटते. मला आता वाटते की त्या डबीवर लोकांचा विश्वास बसला तो माझ्या वहीमुळे आणि माझ्या अक्षरामुळे.

आणि माझ्या तोंडामुळे. दाजी म्हणायचे, "हा आमचा मेहुणा. ऑगस्टात बघायला हवा होता, रस्त्यावरची खडी बरी! थांबा, फोटो दाखवतो." आणि तू काढलेला फोटो दाजींच्या फोनवर निघायचा. लोक एकदा फोटोकडे बघायचे, एकदा माझ्याकडे. मी दिव्याकडे तोंड करून बसायचो, कारण दाजींनी खुर्ची तशी ठेवली होती. प्रत्येक दुकानाला पाटी लागते. दाजींच्या दुकानाची पाटी मी होतो.

आता मशीन सुरू झाले. खाली जातो.


१२ मार्च, गुरुवार
दुपारची सुट्टी

काल जिथे थांबलो तिथून पुढचे लिहायला मला आज सकाळपासून तीन वेळा बसावे लागले. मध्ये दातांच्या एका डॉक्टरांची पाटी केली. त्यांना नावापुढे पदव्याच सात आहेत, लाकूड पुरेना. मालक म्हणाले, "दात बत्तीस आहेत, सातच छापतोय, नशीब समज."

पुढचे आहे ते माझे आहे, दाजींचे नाही. म्हणून कठीण जाते.

डिसेंबरात दोन दिवस डबी संपली होती तेव्हा माझा चेहरा पेटला. दाजींना सांगितले तर म्हणाले, "म्हणजे औषध काम करतंय. सोडू नकोस, दोनदाचं तीनदा कर." केले. पुन्हा शांत झाले. म्हणजे मला तेव्हाच कळले होते की ही डबी आता मी लावत नाही, डबीच मला लावून घेते. तरीही मी लेबले लिहीत राहिलो.

जानेवारीत बालवाडीच्या बाई दुसरी डबी घ्यायला आल्या. तुला आठवत असतील, हिरवी ओढणी डोक्यावरून घेऊन येणाऱ्या. त्यांनी ओढणी बाजूला केली तर गाल आताच्या माझ्या गालांसारखे लाल. त्या म्हणाल्या, "मुलं घाबरतात हो. सारखी विचारतात, बाई, तुम्ही रागावलात का?" मग दाजींना सोडून त्यांनी मला विचारले. मलाच, कारण पाटी मी होतो ना. "तुमचं पण जळजळतं का हो, थांबवलं की?"

दाजींनी माझ्याकडे बघितले. तू स्वयंपाकघराच्या दारात होतीस.

मी म्हणालो, "नाही बाई. नियमित लावत राहा."

ताई, त्या दिवशी वरून दिसत नव्हते, पण आतून माझे गाल इतके जळत होते की बोलताना मी ओठ कमी हलवत होतो. बाई वहीत सही करून डबी घेऊन गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "तुमच्याकडे बघून धीर येतो." दाजी माझ्याशी खोटे बोलले. मी बाईंशी खोटे बोललो. माझे खोटे लहान नाही. मी जळत असताना बोललो.

मग फेब्रुवारीत मी डॉक्टरीणबाईंकडे गेलो आणि परत येऊन त्याच संध्याकाळी दाजींना विचारले. ती संध्याकाळ मी रोज मनात पुन्हा वाचतो, पाटी पाठवण्याआधी अक्षरे तपासतो तशी.

"दाजी, डबीत काय आहे?"

"औषध."

"नाव काय त्याचं?"

"नाव घेऊन काय करणार? पाटी कोरणार?"

"डॉक्टरांनी चिठ्ठीत दुसरं काहीतरी लिहिलं होतं ना?"

"अरे, सहा दिवसांत राजपुत्र केला तुला! खाटेवर बसून, फुकट! आणि वर मलाच जाब विचारतोस? अगं ऐकलंस का, तुझ्या भावाला शिंगं फुटली."

तू कपड्यांच्या घड्या करत होतीस. चिऊचा गणवेश तुझ्या हातात होता. मी विचारत दाजींना होतो, पण बघत तुझ्याकडे होतो. मला वाटत होते, तू आता काहीतरी बोलशील. काहीही. नुसते "अहो" जरी म्हणाली असतीस तरी मी तेवढ्यावर भागवले असते.

तू म्हणालीस, "नववीत शाळा सुटलेल्याने डॉक्टरकी शिकवू नये." आणि घडी घालून झाल्यावर, माझ्याकडे न बघता, "ज्या घरात जेवतोस त्या घराचं झाकायला शीक."

माझी शाळा नववीत सुटली तेव्हा रोज संध्याकाळी मला शेजारी बसवून जुन्या वर्तमानपत्रांतून शुद्धलेखन घालणारी तूच होतीस. एकही टिंब चुकायचे नाही म्हणून माझे नाव टिंबू ठेवलेस. माझ्या न शिकण्यावर तू कधी कुणाला बोलू देत नव्हतीस. ते तू त्या दिवसासाठी राखून ठेवले होतेस असे वाटले.

दुसऱ्या दिवशी मी सांगितले की दुकानाच्या वर राहायला माणूस हवा आहे. माणूस नको होता. मालकांना मीच विनवले. वही माझ्याच पिशवीत होती. मी ती चोरली असे दाजी म्हणत असतील तर म्हणू देत, पण ती पहिल्यापासून माझीच होती. दुकानातूनच आणली होती.

तू बोलली नाहीस याचे मला इतके का लागले, ते अजून लिहिलेले नाही. उद्या लिहितो. सुट्टी संपली.


१३ मार्च, शुक्रवार

डॉक्टरीणबाईंचा पत्ता.

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी तू बाजारात गेली होतीस. दाजी झोपले होते. मी चिऊच्या पेन्सिली करून देत होतो. तिच्या कंपासपेटीत तळाला, कोनमापकाखाली, एक ट्यूब होती, खोक्यासकट. खोक्यावर दवाखान्याची चिकटपट्टी, पत्ता, चिऊचे नाव आणि औषधाचे नाव. ठळक, स्वच्छ छापलेले. आत बारीक अक्षरांचा घडी केलेला कागद. माझ्या हाती छापील कागद आला की मी तो वाचतोच, तुला माहीत आहे.

चिऊने पाहिले आणि धावत आली. "मामा! ठेव ते. आई ओरडेल."

"कधीचं आहे हे?"

"नोव्हेंबरचं. कपाळावर दोनच आले होते रे. आई म्हणाली, मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊ. दोन बस बदलून गेलो. मस्त आहेत त्या. मटारदाणा म्हणतात सारख्या." मग आवाज बारीक करून, "आई म्हणाली, बाबांना सांगायचं नाही. मामाला पण नाही."

मी कागद वाचत होतो. रात्री, कोरड्या चेहऱ्यावर. मटारदाण्याएवढे. उन्हापासून जपावे. आठ ते बारा आठवडे. त्यातले एकही वाक्य माझ्या डबीला लागू पडत नव्हते. माझ्या लेबलावर होते: रोज दोनदा, चोळून.

चिऊला माझे तोंड बघून काय वाटले कोण जाणे. तिने ट्यूबचे झाकण उघडले. "तू पण लाव ना मामा. घे, एक मटारदाणा."

मी तिला म्हणालो, दुसऱ्याचे औषध घ्यायचे नसते, यात लिहिले आहे.

ती म्हणाली, "मग तू आईला सांग ना. ती तुलाही नेईल. आई चांगली आहे."

ताई, हे मी त्या दिवसापासून कुणालाही सांगितलेले नाही. त्या रविवारी तू बाजारातून आलीस तेव्हा मी तुझ्या हातातल्या पिशव्या घेतल्या आणि नेहमीसारखे "ऊन फार आहे ना?" असे विचारले. तुला आठवणारही नाही.

तुला पहिल्या दिवसापासून माहीत होते. म्हणून दोन वेळा हात धुतलेस. म्हणून चिऊचे बोट नळाखाली धरलेस. तिच्या कपाळावर दोन पुटकुळ्या आल्या तर तू नवऱ्यालाही न सांगता दोन बस बदलून तिला खऱ्या डॉक्टरकडे नेलेस. मला मात्र खिडकीपाशी बसवून स्वतःच्या हाताने लावलेस.

दाजींवर मी फार रागावलेलो नाही. त्यांनी एकेचाळीस जणांना फसवले, त्यात मी एक. तू मला एकट्याला फसवलेस. आणि तुझ्यावर रागवायचे कसे ते मला येत नाही. बाकी सगळे तू शिकवलेस, तेवढे राहिले.

मी तुझ्या बाजूनेही विचार करून पाहिला. मुलगा आहे, गाल लाल झाले तर काय बिघडले, असे वाटले असेल. किंवा तुला दाजींना नाही म्हणता येत नसेल. मला तुला म्हणता येत नाही, तसे. ते मला समजू शकते. पण नोव्हेंबरात तू बसची दोन तिकिटे काढलीस ना, तेव्हा तिसरे काढायचे तुझ्या मनात आले होते का? एवढेच मला विचारायचे आहे. उत्तर लिहिले नाहीस तरी चालेल. खोटे मात्र लिहू नकोस.

चिऊला रागावू नकोस. तिने मला काही सांगितले नाही, मी वाचले. तिला विचार, उन्हाचे क्रीम लावते का, आणि शेजारणीच्या मुलीला ट्यूब देत नाही ना. ती उदार आहे.

आता वही.

वही मी तुला पाठवत नाही. परवा ती डॉक्टरीणबाईंकडे दिली. बाकीच्या चाळीस जणांना कार्डे लिहिली, मजकूर बाईंनी सांगितला, अक्षर माझे: "आपण घेतलेल्या पांढऱ्या डबीत चेहऱ्याला घातक औषध असण्याची शक्यता आहे. ती वाढवू नये, एकदम बंदही करू नये. डबी घेऊन लवकर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवावे." खाली मी माझी एक ओळ घातली: "आपले नाव ज्याने लिहून घेतले, त्याची ही चूक आहे." एकोणचाळीस कार्डे काल टपालात पडली.

चाळिसावे मी हाताने नेऊन दिले. बालवाडीच्या बाईंनी ते दारातच वाचले. मग माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "म्हणजे तेव्हाही जळत होतं."

मी हो म्हणालो.

त्यांनी दार लावले नाही. आत या असेही म्हणाल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "कुठल्या डॉक्टर? पत्ता नीट सांगा." मी सांगितला. त्यांनी माझ्याकडून कागदावर लिहून घेतला नाही. स्वतः लिहिला.

दाजींची नोकरी बहुधा जाईल. त्याचा तुला आणि चिऊला त्रास होईल, आणि तो मी दिला आहे, हे मला कळते. माझी लाकडी पाट्यांची मजुरी दर महिन्याला चिऊच्या शाळेत जमा होईल, मालकांशी बोललो आहे. ते तुझ्यासाठी नाही. तिने मला तिच्यातला मटारदाणा देऊ केला होता, त्यासाठी.

डॉक्टरीणबाईंकडे एक छापील कागद भरून सही करायची होती. डबी कोणी दिली, त्यापुढे मी दाजींचे नाव लिहिले. त्याखाली प्रश्न होता: घरातील आणखी कोणास याची माहिती होती का?

मी लिहिले: नाही.

बाई म्हणाल्या होत्या काही गाळू नकोस. तुला ठाऊक आहे, मी लिहितो ते तपासून लिहितो. त्या कागदावर तेवढा एकच शब्द खोटा आहे आणि तो मी मुद्दाम खोडला नाही.

तो खोटा ठरू नये म्हणून वही देण्याआधी तिचे पहिले पान मी काढून घेतले. ते सोबत ठेवले आहे. दाजी म्हणाले होते, सुरुवात मेहुण्याच्या नावाने कर, म्हणजे लोकांना भरवसा वाटेल. गिऱ्हाइकाने स्वतःच लिहायचे असते, पण माझ्या बोटांना मलम लागले होते. तू म्हणालीस, "दे इकडे, मी लिहिते." आणि लिहिलेस: टिंबू. रोज दोनदा, चोळून लावणे. त्याखाली, दाजींनी न सांगितलेली, तुझी स्वतःची एक ओळ आहे. तेव्हा मी ती वाचली होती आणि हसलो होतो. आता तू वाच.

"चिऊपासून दूर ठेवणे."

तू वही मागितली होतीस. त्यातले तुझे एवढेच होते. जाळायचे तर जाळ.

तुझा भाऊ,
ज्याचे नाव या पानावर तुझ्या अक्षरात आहे